बुधवार रात्रीचा कप्पा : प्रत्यारोपणानंतरच्या औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अवयवदानावर लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. ऑपरेशनबद्दल फार थोड्यांनी विचारलं आहे. बहुतेक पत्रं त्यानंतरच्या वर्षांची आहेत : गोळ्या, रक्ततपासण्या, चुकलेले डोस आणि त्यावरून घरात होणारी कुरबुर. मी २२ वर्षं प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते आहे. रुग्णाचं नाव प्रतीक्षायादीत लागल्यापासून माझी त्याची ओळख होते आणि ऑपरेशननंतर कितीतरी वर्षं टिकते, त्यामुळे ही पत्रं मला अनोळखी माणसांची वाटलीच नाहीत. त्यातली सहा निवडली आहेत. तुमच्या डॉक्टरांना तुमची फाइल माहीत आहे, मला नाही. तेव्हा औषधाचा कोणताही बदल त्यांच्याशी बोलूनच करा.

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांची किडनी बदलून चार वर्षं झाली. रिपोर्ट चांगले आहेत. गोळ्यांचा आठवड्याचा डबा मी भरते. गेले काही महिने दर रविवारी डबा उघडला की रात्रीचे एक-दोन कप्पे भरलेलेच सापडतात, बहुतेकदा बुधवारचा. विचारलं की चिडतात, ‘एका गोळीने काय होतंय’ म्हणतात. डॉक्टरांपुढे मात्र ‘नियमित घेतो’ असं सांगतात. मी डॉक्टरांना परस्पर सांगू का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात तुम्ही नकळत एक फार कामाची गोष्ट लिहिली आहे : बुधवार. ज्याला औषधाचं गांभीर्यच नाही, त्याचे कप्पे कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी राहतात. ज्याचा डोस ठरावीक वारी आणि फक्त रात्री राहतो, त्याच्या त्या दिवसात काहीतरी अडचण असते. तेव्हा भांडण बाजूला ठेवून आधी एवढंच शोधा की बुधवारी काय असतं.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. दर भेटीला डबा टेबलावर ठेवायचे, चौदा कप्प्यांचा, वरची ओळ सकाळची, खालची रात्रीची. एकदा मी सहज खालच्या ओळीची झाकणं उघडत गेले तर दोन कप्प्यांत गोळ्या तशाच. ते खाली मान घालून बसले. मी विचारलं, ‘या दोन दिवशी घरी किती वाजता पोचता?’ तर म्हणाले, साडेनऊ. बाकीच्या दिवशी सात. त्यांना सांगितलेलं होतं की टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं. साडेनऊला घरी, दहाला जेवण, म्हणजे गोळी रात्री बाराला. दिवसभर राबलेला माणूस बारापर्यंत जागा राहणार कसा? त्यांनी सल्ला मोडला नव्हता. त्या दोन दिवशी तो पाळणंच त्यांना शक्य नव्हतं, आणि हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

टॅक्रोलिमस उपाशीपोटी जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर कमी. म्हणून जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास असं सांगतात. खरी गरज अशी की दोन डोसांत बारा तासांचं अंतर राहावं आणि रोजची पद्धत एकच असावी. त्या गृहस्थांची वेळ डॉक्टरांनी बदलून सकाळी सात, संध्याकाळी सात अशी केली. संध्याकाळचा डोस ते कामावरच जेवणाआधी घेऊ लागले. या कॅप्सूलना ओल चालत नाही, त्यामुळे सुट्या काढून न ठेवता पाकिटाचा तेवढा तुकडा कापून खिशात ठेवायचे. पुढच्या भेटीला खालची ओळ रिकामी होती. काहींना दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू सुटणारी टॅक्रोलिमस देतात. तुमच्या मिस्टरांना ती चालेल का, हेही विचारून पाहा. मात्र दोन्ही प्रकार आपल्या मनाने अदलाबदल करून घ्यायचे नाहीत. नाव सारखं असलं तरी ती रक्तात वेगवेगळ्या तऱ्हेने उतरतात.

आता ‘एका गोळीने काय होतंय’ याविषयी. त्यांना काहीच जाणवत नाही हे अगदी खरं आहे, आणि सगळा घात तिथेच आहे. दुखण्याची गोळी राहिली तर शरीर कुरकुरतं. इथे डोस राहिला की प्रतिकारशक्तीवरचा औषधाचा पहारा थोडा ढिला पडतो, आणि आपल्याच प्रतिकारशक्तीला त्या किडनीचं परकेपण दिसू लागतं. किडनीविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होऊ शकतात. एकदा झालेली ही प्रतिपिंडं पुन्हा नाहीशी करणं फार अवघड जातं. ती किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना महिनोन्‌महिने कुरतडत राहतात, तेव्हा लघवी नेहमीसारखी होते, भूक लागते, माणूस कामावर जातो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. एका गोळीने किडनी जात नाही, पण दर आठवड्याला एक ही ‘एक गोळी’ राहत नाही. चार वर्षांचे चांगले रिपोर्टही पूर्ण खात्रीचे नसतात. तपासणीच्या आधीचे चार दिवस काटेकोर गोळ्या घेऊन रक्त द्यायला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या रिपोर्टमध्ये त्या चार दिवसांची लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, दिसते, महिन्याची नाही.

हे फक्त तुमच्याच घरात घडतं असं समजू नका. २००४ साली किडनी प्रत्यारोपणाच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साधारण २२ टक्के रुग्ण औषधं नीट घेत नसल्याचं दिसलं, आणि ज्या किडन्या निकामी झाल्या त्यांपैकी ३६ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत आधी औषधं चुकल्याची नोंद होती. औषधं चुकवणाऱ्यांत किडनी जाण्याचा धोका सातपट निघाला. २००७ मध्ये १४७ अभ्यासांचा आणखी एक आढावा आला. त्यात औषधं चुकवण्याचं प्रमाण किडनीच्या रुग्णांत वर्षाला शंभरात ३६ होतं, इतर अवयवांच्या रुग्णांत ७ ते १५. किडनीवालेच का, याचं मला वाटणारं कारण असं की त्यांच्या मनात कुठेतरी डायलिसिसचा आधार असतो. हृदय किंवा यकृत मिळालेल्याला मागे फिरायला वाटच नसते.

डॉक्टरांना सांगायचं का, याचं उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगते. या कामातलं माझं तिसरं वर्ष होतं. एका तरुणाने मला आपणहून सांगितलं की महिन्यात चार-पाच वेळा रात्रीची गोळी राहते. मी त्याला फैलावर घेतलं. ‘एवढं मोठं दान मिळालंय, त्याची काही किंमत आहे की नाही?’ असं भरल्या ओपीडीत म्हणाले. त्यानंतर दर भेटीला तो हसून ‘नियमित’ म्हणायचा, आणि मला माझ्या दटावणीचा अभिमान वाटायचा. दीड वर्षाने क्रिएटिनिन चढलं, बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागलं होतं, आणि पुढे तो पुन्हा डायलिसिसवर गेला. डायलिसिसच्या खाटेवर तो मला म्हणाला, ‘ताई, एकदा खरं सांगितलं होतं तुम्हाला. मग परत सांगायची हिंमत झाली नाही.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून मी ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असं विचारत नाही. त्या ‘ना’मध्येच उत्तर भरलेलं असतं. समोरचा ‘हो’ म्हणण्याखेरीज काय करणार? मी विचारते, ‘गेल्या चार आठवड्यांत कोणकोणत्या गोळ्या राहिल्या?’ राहिल्या असणारच असं धरून विचारलं की माणूस मोकळा होतो, बोटं मोजायला लागतो.

तुम्हीही घरी असंच विचारून पाहा. ‘आज पण नाही घेतलीत?’ ऐवजी ‘बुधवारी उशीर होतो, तर वेळ बदलून मागूया का?’ एवढं बोला. मग पुढच्या भेटीला दोघं जा आणि डबा बरोबर न्या. त्यांना आधी सांगा की मी हे तिथे काढणार आहे. परस्पर, पाठीमागे सांगू नका. त्याने गोळ्या सुधारतील की नाही ठाऊक नाही, पण तुमच्यातला विश्वास नक्की जाईल. आणि ते काही केल्या तयार झाले नाहीत, कप्पे तसेच राहत गेले, तर त्यांच्या तोंडावर, त्यांच्यासमोर डॉक्टरांना सांगा. तेव्हा भांडण झालं तरी चालेल.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. १३ व्या वर्षी आईची किडनी मिळाली. स्टेरॉइडमुळे चेहरा गोल झालाय, पुरळ येतं, फोटोत मी मला ओळखू येत नाही. तीन आठवडे झाले, मी ती एक गोळी बंद केली आहे. बाकीच्या घेते. आईला माहीत नाही. ती दिवसातून दोनदा ‘गोळी घेतलीस का?’ विचारते आणि मला ओरडावंसं वाटतं.

बाळा, हे वाचशील त्या दिवशीच तुझ्या प्रत्यारोपण केंद्राला फोन कर, भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नकोस. सहा वर्षं रोज प्रेडनिसोलोन, म्हणजे तुझी ती स्टेरॉइडची गोळी, घेणाऱ्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. ते एकदम बंद केलं आणि मध्येच ताप, उलट्या किंवा अपघात झाला, तर रक्तदाब झपाट्याने खाली जाऊ शकतो. किडनीचा धोका आहे तो वेगळाच. फोनवर एवढंच सांग : ‘तीन आठवडे प्रेडनिसोलोन घेतलेली नाही, आता काय करू?’ परत सुरू करायची की आधी रक्त तपासायचं, हे ते ठरवतील. मनाने सुरूही करू नकोस.

आता तुझ्या चेहऱ्याबद्दल. ‘जीव वाचला, चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस’ असं तुला कोणीतरी म्हटलं असेलच. मी म्हणणार नाही. १९ व्या वर्षी आरशात आपला चेहरा आपला न वाटणं हे मोठं दुःख आहे, आणि औषधं सोडण्याचं ते एक खरंखुरं कारण आहे. ही तक्रार डॉक्टरांना क्षुल्लक वाटेल म्हणून मुली ती सांगत नाहीत, आणि गुपचूप गोळी थांबवतात. तू ती सांग, याच शब्दांत सांग. कारण करण्यासारखं पुष्कळ असतं. स्टेरॉइडचा डोस टप्प्याटप्प्याने खाली आणता येतो, काही रुग्णांचं स्टेरॉइड देखरेखीखाली पूर्ण थांबवलेलंही आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधांचंही तसंच : सायक्लोस्पोरीनने अंगावर लव वाढते आणि हिरड्या सुजतात, टॅक्रोलिमसने केस विरळ होतात. एक सोसत नसेल तर दुसरं देऊन पाहतात. पुरळासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवतात. यातलं तुझ्या बाबतीत काय जमेल ते मला सांगता येणार नाही, पण विचारल्याशिवाय तुझ्यासाठी यातलं काहीच होणार नाही.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असावी. किडनी मिळालेल्या मुलांमध्ये ती गमावण्याचा धोका १७ ते २४ या वयात सगळ्यांत जास्त असतो. या वयाची मुलं वाईट असतात म्हणून नाही. याच वर्षांत लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या विभागात जावं लागतं, ओळखीच्या नर्स सुटतात, शिक्षणासाठी घर सुटतं, आणि इतकी वर्षं आईने सांभाळलेलं सगळं एका दिवसात आपल्यावर येतं.

म्हणून आईशी एक करार कर. एका महिन्यासाठी गोळ्यांचा डबा तू भरायचास, रक्ततपासणीची वेळ तू घ्यायचीस, औषधं संपायच्या आठवडाभर आधी तू मागवायचीस. आईने दिवसातून दोनदा विचारायचं नाही. रविवारी तू तिला डबा दाखवायचास. तिचा प्रश्न तुला पहाऱ्यासारखा वाटतो, पण तिचा एक अवयव तुझ्यात आहे आणि त्याचं कसं चाललंय हे कळायला तिच्याकडे दुसरा मार्ग नाही. रविवारचा डबा तिला तो मार्ग देईल. या तीन आठवड्यांचंही तिला सांग. फोन करून झाल्यावर सांग, म्हणजे काय करायचं ठरलं तेही सांगता येईल.

तुझ्या गोळ्यांत मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असेल तर तेही लक्षात ठेव : त्या औषधावर असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. आत्ता हा विषय तुझ्या आयुष्यात असो वा नसो, डॉक्टरांशी एकदा आईशिवाय, एकटीने बोलायची वेळ मागून घे. प्रत्यारोपणानंतर मुलं होतात, पण आधी औषधं बदलून, ठरवून.

प्रश्न : रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी घेतली तर काय बिघडतं? इतक्या लांब उपाशी आणि बिनगोळीचं जाणं नकोसं होतं.

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरीनची लेव्हल पाहायची असेल तर बिघडतं. त्या तपासणीत औषध रक्तात सगळ्यांत कमी असतानाचा आकडा हवा असतो, म्हणजे आदल्या रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी आणि सकाळच्या डोसच्या आधी. गोळी घेऊन तासाभराने रक्त दिलंत तर आकडा फुगलेला येईल. डॉक्टर तो पाहून डोस कमी करतील, आणि मग खरोखरच औषध अपुरं पडेल. एका आजोबांचं असं लागोपाठ दोनदा झालं होतं. गोळी बरोबर न्या, रक्त दिलं की तिथेच घ्या. आणि चुकून आधी घेतली गेलीच, तर रक्त घेणाऱ्याला घेतल्याची वेळ सांगा, कागदावर लिहून द्यायला लावा. बाकीच्या गोळ्या, म्हणजे रक्तदाबाच्या वगैरे, घ्यायच्या का ते तुमच्या केंद्राला एकदा विचारून ठेवा.

प्रश्न : माझं यकृत बदललं आहे. खोकला झाला म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. चौथ्या दिवसापासून हात इतके थरथरू लागले की सही करता येईना. एका परिचितांनी प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या आणून दिल्या आहेत, त्या सुरू करू का?

त्या गोळ्या परत करा. तुम्ही रोज घेता ती औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालण्यासाठी आहेत. तिला जागं करण्याचा दावा करणारं काहीही, कितीही आपुलकीने दिलेलं असो, तुमच्यासाठी नाही.

हातांच्या थरथरीबद्दल आजच केंद्राशी बोला आणि लेव्हल तपासून घ्या. टॅक्रोलिमसचा निचरा मुख्यतः यकृतातलं आणि आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) करतं. क्लॅरिथ्रोमायसिन त्याच विकराला अडवतं. मग तुम्ही डोस तोच घेत राहता, पण रक्तात औषध साठत जातं : हात कापतात, डोकं दुखतं, किडनीवर ताण येतो. एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, रक्तदाबावरचं डिल्टियाझेम हीही त्याच जातीची. ग्रेपफ्रूट याच कारणाने वर्ज्य, आणि त्याचं भावंड पपनसही. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटांवरच्या फेनिटोइन, कार्बामॅझेपिन बरोबर उलटं करतात. विकराचा वेग वाढतो, टॅक्रोलिमस भराभर निघून जातं, आणि रिजेक्शनची वाट मोकळी होते. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती निराशेवर म्हणून विकली जाते, तीही असंच करते. म्हणजे काही न चुकवता, प्रत्येक गोळी वेळेवर घेऊनही माणूस अडचणीत येऊ शकतो. त्या डॉक्टरांना तुमच्या औषधांची यादी दाखवली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आपल्या मनाने घेऊ नका, त्यांचा मार थेट किडनीवर बसतो. जुलाब लागले तर औषध बाहेर पडून लेव्हल घसरत असेल असं सगळ्यांना वाटतं. टॅक्रोलिमसच्या बाबतीत बऱ्याचदा उलट होतं, ती चढते. त्यामुळे दोन दिवस जुलाब टिकले तर रक्त तपासावं लागतं. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, याचा नियम केंद्र देतं. तो आजच विचारा, उलटी झाल्यावर नाही.

एका कागदावर तुमच्या सगळ्या औषधांची नावं, डोस, केंद्राचा फोन आणि ठळक अक्षरात ‘अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण, नवीन औषध देण्याआधी केंद्राला विचारावे’ एवढं लिहा आणि पैशांच्या पाकिटात ठेवा. दातांच्या डॉक्टरांनाही तो दाखवायचा, लस घेतानाही. जिवंत जंतूंच्या लशी तुम्हाला चालत नाहीत.

प्रश्न : दहा वर्षं झाली, एकदाही रिजेक्शन नाही. आता शरीराने किडनी आपली मानली असेल. औषधं हळूहळू कमी करून पाहायला काय हरकत आहे? किती दिवस पथ्य पाळायचं?

आपल्या भाषेत पथ्य हे सुटण्यासाठीच असतं. ताप उतरला, पथ्य सुटलं. त्यामुळे प्रत्यारोपणानंतरच्या औषधांना पथ्य म्हटलं की मन आपोआप सुटण्याची तारीख शोधू लागतं. मी हा शब्द माझ्या रुग्णांपुढे वापरणं सोडलं आहे.

औषधाशिवाय दुसऱ्याची किडनी टिकल्याचं जगप्रसिद्ध उदाहरण पहिल्याच यशस्वी प्रत्यारोपणाचं आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या भावाला, रिचर्डला बसवली. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. पण हे दोघं एकसारखे जुळे होते. रिचर्डच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही, कारण ती परकी नव्हतीच. बाकीच्यांसाठी औषधांची वाट पाहावी लागली, आणि औषधांचं प्रमाण सांभाळणं किती नाजूक आहे ते पुढे दिसलं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय बसवलं. तो रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. प्रतिकारशक्ती इतकी दाबलेली होती की जंतूंशी लढायला शरीरात काही उरलं नव्हतं. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीतून सायक्लोस्पोरीन मिळालं, १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि तिथून अवयव टिकू लागले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधल्या मातीतल्या जंतूपासून मिळालं. तुमची दहा वर्षं या औषधांनी दिली आहेत. ‘रिजेक्शन झालं नाही म्हणून औषध नको’ आणि ‘औषध आहे म्हणून रिजेक्शन झालं नाही’, यांतलं दुसरं खरं आहे.

प्रमाण कमी होतच नाही असं मात्र नाही. पहिल्या वर्षात लेव्हल वरची ठेवतात, नंतर उतरवत नेतात. तुमचीही उतरवली असेल, जुन्या फाइलमध्ये पाहा. यकृताच्या काही निवडक रुग्णांची औषधं संशोधनात, वारंवार रक्त आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करत, पूर्ण थांबवता आली आहेत. तिथेही बऱ्याच जणांना ती पुन्हा सुरू करावी लागली. किडनीच्या रुग्णाने घरी करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

तुमच्या प्रश्नामागे खर्च असेल, थकवा असेल किंवा एखादा त्रास असेल, तर तो नेमका सांगा. खर्चामुळे गोळ्या अर्ध्या करणारे खूप आहेत. अमेरिकेत सरकारी विमा किडनीच्या बऱ्याच रुग्णांना ही औषधं फक्त ३६ महिने पुरवायचा, त्यानंतर औषधं न परवडून किडन्या जायच्या. वर्षानुवर्षं मागणी झाल्यावर जानेवारी २०२३ पासून तो नियम बदलला. खर्चासाठी मदत मिळवून देणं हे समन्वयकाचं कामच आहे. त्याची लाज वाटून गोळी अर्धी करू नका.

प्रश्न : धाकट्या भावाला मी किडनी दिली. तीन वर्षं झाली. तो पुन्हा सिगारेट ओढतो, तपासणीच्या तारखा चुकवतो. मला इतका संताप येतो की त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे. माझा अवयव त्याने असा वाया घालवायचा?

दादा, तुमचा संताप मला समजतो, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही निरोगी असताना टेबलावर झोपलात. रुग्ण बरं होण्यासाठी झोपतो, दाता दुसऱ्यासाठी झोपतो.

पण घेणाऱ्याच्या बाजूचं एक ओझं असतं, ते दात्याला सहसा कोणी सांगत नाही. माझ्याकडे येणारी बरीच माणसं देणाऱ्या नातेवाइकासमोर गप्प असतात आणि तो बाहेर गेला की रडतात. ‘याचं ऋण मी कधी फेडणार?’ हा प्रश्न काहींना इतका जड होतो की ते त्या अवयवाकडे पाहणंच टाळतात. गोळी म्हणजे आठवण, तपासणी म्हणजे आठवण. तुमच्या भावाचं असंच असेल असं नाही. प्रत्यारोपणानंतर नैराश्यही येतं, आणि नैराश्य आलेला माणूस तारखा चुकवतो, सिगारेटकडे वळतो. ते आहे का हे तपासून घ्यायला हवं, आणि ते तपासता येतं, त्यावर उपचारही होतात. सिगारेट सोडवण्यासाठीही औषधं आहेत. त्याच्या इतर गोळ्यांशी जुळतील अशी केंद्र सुचवेल.

बोलणं सुरू करा, पण किडनीचा विषय काढू नका. पहिल्या दोन-तीन भेटींत तर अजिबात नाही. मग एखाद्या दिवशी म्हणा, ‘तुझी तपासणी आहे, मी पण येतो.’ तिथे गेल्यावर त्याच्याशी बोलण्याचं काम समन्वयकावर सोडा. ती किडनी आता त्याची आहे. तुम्ही तिचे हिशेब मागणारे राहिलात तर तो तुम्हाला टाळत राहील आणि तुमच्याबरोबर तिलाही. हे लिहायला मला सोपं आहे, तुम्हाला करायला अवघड जाईल, हे मी जाणते.

आणि एक विचारायचं आहे. दोन पानी पत्रात तुम्ही भावाच्या चुकलेल्या प्रत्येक तपासणीची तारीख लिहिली आहे. एका किडनीवर जगणाऱ्या दात्यालाही दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यायला सांगितलेलं असतं. तुमची शेवटची तपासणी कधी झाली, ते पत्रात कुठेच नाही. त्याच्याबरोबर जाल त्या दिवशी तुमचंही रक्त देऊन या.